दहा महिन्यांत २७ तास, आणि अजून सोलो नाही

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा वीस वर्षांचा, ठाण्यात खोपटला राहणारा. गेल्या ऑक्टोबरपासून राज्यातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये आहे. दहा महिन्यांत २७ तास झाले, तीन इन्स्ट्रक्टर बदलले. डिसेंबर-जानेवारीत लँडिंग जमू लागलं होतं, एप्रिल-मेमध्ये बिघडलं. विमान तरंगत राहतं, नाहीतर आपटून उसळतं. बरोबरच्या दोघांचं सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण, १८ तासांत झालं. बाबांनी राहत्या घरावर कर्ज काढलंय. पावसामुळे उड्डाणं बंद, म्हणून तो सध्या घरी आहे. विचारतो, "माझ्यात ते नाहीच का? थांबावं का? आणि गणपतीत सगळे विचारतील तेव्हा काय सांगू?"

मी बावीस वर्षं उडायला शिकवते आहे, राहते नेरुळला. हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मी बऱ्याचदा ऐकला आहे, आणि विचारणारा दर वेळी तुझ्याइतकाच खचलेला असतो. म्हणून धीराचे चार शब्द बोलून विषय संपवत नाही.

आधी तुझाच आकडा तुझ्यासमोर ठेवते. दहा महिन्यांत २७ तास म्हणजे महिन्याला २.७ तास. आठवड्याला जेमतेम ३७-३८ मिनिटं. त्यातच टॅक्सी (विमान जमिनीवरून नेणं), रनअप (इंजिनची तपासणी) आणि धावपट्टीआधी होल्डिंग पॉइंटवरचं ताटकळणंही आलं. ठाण्यातले मोटार ट्रेनिंग स्कूलवालेसुद्धा रोज अर्धा तास सलग शिकवतात, कारण चार दिवस सुटले की क्लच पुन्हा झटके देतो हे त्यांना ठाऊक असतं.

आता याहून बारीक हिशेब कर. २७ तासांतले सर्किटचे, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याच्या सरावाचे, तास बारा-तेरा धरले, तर तुझी साधारण ८० लँडिंग झाली असतील. शेवटचे वीस फूट ते चाकं टेकेपर्यंतचा जो भाग तुला छळतोय, तो दर वेळी आठ-दहा सेकंदांचा. ८० गुणिले १० म्हणजे ८०० सेकंद, म्हणजे साडेतेरा मिनिटंसुद्धा भरत नाहीत. ज्या कौशल्यावरून तू स्वतःला नापास करतो आहेस, त्याचा तुझा आयुष्यभराचा सराव एवढाच आहे, आणि तोही दहा महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी झालेला. ज्या दोघांचं सोलो १८ तासांत झालं त्यांचे तास विचारू नकोस, दिवस विचार. ते १८ तास त्यांना किती आठवड्यांत मिळाले? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

खंड पडला की सगळ्यात आधी डोळा जातो. चेकलिस्ट तुला आजही झोपेत म्हणता येईल, रेडिओवरचे कॉलही आठवतील. पण जमीन किती खाली आहे हे सांगणारी नजर आठ-दहा दिवसांत बोथट होते. मग पहिली सॉर्टी (सरावाचं एक उड्डाण) ती परत मिळवण्यात जाते, दुसरीत जरा बरं वाटू लागतं, आणि तेवढ्यात विमान तपासणीला लागतं किंवा दृश्यमानता पडते. पुढच्या वेळी पुन्हा पहिलीपासून. यात हातांचा दोष फार थोडा असतो.

हिवाळ्यात जमलेलं उन्हाळ्यात का बिघडलं, याचीही दोन कारणं मला दिसतात. पहिलं ऐकून वाईट वाटेल. सुरुवातीच्या लँडिंगमध्ये इन्स्ट्रक्टरचा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) हलकासा असतो आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो. मीही ठेवते. पुढे तो हात काढून घेतला जातो आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपलं बिघडलं. खरं तर तेव्हा पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं लँडिंग सुरू झालेलं असतं.

दुसरं कारण हवेत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रशिक्षणाच्या धावपट्ट्या समुद्रसपाटीपासून हजार-दोन हजार फुटांवर आहेत. १००० फूट उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी तिथे ४२ अंश असेल, तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, ४५०० फुटांच्या आसपास जाते. एअरस्पीडचा काटा ६५ नॉट दाखवत असतो, पण वारा पडलेला असेल तर विमान जमिनीवरून ७० च्या जवळ धावत असतं. जानेवारीच्या सकाळी घडलेल्या नजरेला हा वेग ओळखीचा नसतो. त्यातच तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) वर ढकलते, तू नाक खाली घेतोस आणि स्पीड वाढतो. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलास तर ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. ती जिरेपर्यंत विमान रनवेवर तरंगतच राहणार. ते खाली बसत नाही म्हणून तू दाबतोस, पुढचं चाक आधी टेकतं आणि विमान उसळतं. तू जे दोन दोष वेगळे म्हणून लिहिलेस, तरंगणं आणि उसळणं, ते बहुतेक एकच आहेत आणि त्याची सुरुवात फायनलवर, ३०० फुटांवर झालेली असते.

उसळल्यावर नाक दाबू नकोस. फ्लाइंगमधलं हे एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेव. पहिल्या उसळीने सहसा काही मोडत नाही, दुसरी आणि तिसरी उसळी नोज गिअर, म्हणजे पुढच्या चाकाचा सांगाडा, मोडते. फुल थ्रॉटल, नाक स्थिर, गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर. गो-अराउंड मारला की इन्स्ट्रक्टर नापसंतीने बघेल असं तुम्हा मुलांना वाटतं. सोलोला पाठवायचं की नाही हे ठरवताना मी सर्वात आधी हेच बघते, की बिघडलेलं लँडिंग सोडून देण्याची अक्कल या मुलाकडे आहे का. सलग तीन लोण्यासारखी लँडिंग करणाऱ्यापेक्षा तिसरं बिघडतंय हे ओळखून, मी काही सांगण्याआधीच वर निघून जाणाऱ्याला मी आधी सोलोला सोडते.

आता नजरेबद्दल. फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक हळूहळू वर घेताना) नाकासमोरच्या जवळच्या डांबराकडे बघितलंस तर ते धूसर होऊन अंगावर धावून आल्यासारखं दिसतं, तू दचकून योक ओढतोस आणि विमान उंचावर थांबून धपकन पडतं. अगदी दूर क्षितिजाकडे बघितलंस तर उंचीचा अंदाजच लागत नाही आणि चाकं आधीच टेकतात. राउंडआउट, म्हणजे हे नाक वर घेणं, सुरू झालं की नजर रनवेच्या दूरच्या टोकाकडे सरकवायची आणि खाली बसणं डोळ्यांच्या कडांनी टिपायचं. हे तुला तिन्ही इन्स्ट्रक्टरनी सांगितलं असेल. बहुधा त्यांनी एक गोष्ट सांगितली नसेल, ती सांगते.

काही वर्षांपूर्वी घणसोलीचा एक मुलगा माझ्याकडे आला. ३१ तास, सोलो नाही, तुझ्यासारखीच कहाणी. पहिल्या दोन सॉर्टींमध्ये मलाही काही कळलं नाही. एक लँडिंग सुंदर, पुढचं भयंकर. तिसऱ्या दिवशी मी लँडिंगकडे बघणं सोडलं आणि तो विमानात बसतो कसा ते बघितलं. आधीच्या उंच मुलाने सीट जिथे सोडली होती तिथेच तो बसला, पट्टे आवळले आणि चेकलिस्ट वाचू लागला. तीन विमानं, तिन्हींच्या सीट वेगवेगळ्या, रोज वेगळा माणूस आधी बसून गेलेला. म्हणजे रोज त्याचे डोळे वेगळ्या उंचीवर, रोज समोरचं चित्र वेगळं, आणि त्या चित्रावरून तो उंची ओळखायला शिकत होता! मी त्याला सीट पुढे घ्यायला लावली, खाली एक उशी दिली आणि हात लांब करून बोटं आडवी धरायला सांगितली. सपाट जमिनीवर उभ्या विमानात काउलिंगची (इंजिनवरच्या झाकणाची) कड आणि क्षितिज यांच्यामध्ये त्याची चार बोटं मावली. "उद्यापासून इंजिन सुरू करण्याआधी चार बोटं," मी म्हणाले. सीट रेलच्या कितव्या खाचेवर आहे हे तो प्रत्येक विमानासाठी तळहातावर पेनाने लिहून ठेवायचा. सगळं एका उशीने सुटलं असं सांगणार नाही. पण पुढच्या नऊ दिवसांत त्याला रोज उडायला मिळालं आणि दहाव्या दिवशी तो एकटा गेला. (सीट सरकवलीस की ती खाचेत बसली का हे अंग मागे रेटून बघ. टेकऑफला सीट मागे घसरून अपघात झालेले आहेत.)

तुला तीन वेगवेगळे इन्स्ट्रक्टर मिळाले, याचा दोष तुझ्यावर अजिबात येत नाही. एकजण थ्रॉटल रनवेच्या सुरुवातीलाच बंद करायला लावतो, दुसरा फ्लेअरपर्यंत थोडी पॉवर ठेवायला सांगतो. दोघेही बरोबर असतात, पण विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन्हींची खिचडी होते. परत गेल्यावर सीएफआयना (स्कूलच्या मुख्य इन्स्ट्रक्टरना) भेट, तक्रारीच्या सुरात नको, आणि एवढंच माग: "सर, पुढच्या दहा सॉर्टी शक्यतो एकाच इन्स्ट्रक्टरबरोबर आणि शक्यतो सलग मिळतील का?" ही मागणी रास्त आहे, ती लेखी दे. दर सॉर्टीनंतर इन्स्ट्रक्टरकडून तुझ्या वहीत दोनच ओळी मागून घे: आजची मोठी चूक कोणती आणि उद्या काय करायचं. जो कॉकपिटमध्ये ओरडतो, त्याला खाली उतरल्यावर शांतपणे सांग की फायनलवर ओरडलं की मला पुढचं काही ऐकू येत नाही. ओरडून लँडिंग शिकवता येत नाही, हे आमच्या पेशातल्या अनेकांना उशिरा कळतं. मलाही वेळ लागला, आणि ज्यांच्यावर मी सुरुवातीच्या वर्षांत ओरडले ती मुलं मला आठवतात.

स्कूलबद्दल थोडक्यात. विमानं बंद असणं, अ‍ॅव्हगॅस हे विमानाचं इंधन वेळेवर न येणं, एका विमानामागे जास्त मुलं, हे वास्तव आहे. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तुझ्या स्कूलची श्रेणी बघ. बदलायचा विचार असेल तर झालेले तास वाया जात नाहीत, मात्र लॉगबुक आजपर्यंत सही-शिक्क्यासह पूर्ण हवं. नवी जागा आधी चेक सॉर्टी घेईल, त्याचे पैसे वेगळे लागतील. पुढचा हप्ता भरण्यापूर्वी जाऊन प्रत्यक्ष बघ: सकाळी सातला हँगरबाहेर किती विमानं उभी आहेत आणि त्यातली किती उडताहेत. दोन दिवस उभं राहून मोज. जाहिरातीतला फ्लीटचा आकडा सोडून दे.

भीतीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "सॉर्टी रद्द झाली की बरं वाटतं, आणि त्याची लाज वाटते." लाज वाटू देऊ नकोस. आठवडाभराच्या खंडानंतर, घरावर कर्ज आणि शेजारी कपाळाला आठ्या घातलेला माणूस, अशा अवस्थेत सुटल्यासारखं कोणालाही वाटेल. मी विद्यार्थ्यांना एक पुढचा प्रश्न विचारते: सुटल्यासारखं वाटलं, त्यानंतर तासाभराने काय वाटलं? बहुतेकांना चुटपुट लागते, खिडकीतून वारा दाखवणाऱ्या विंडसॉककडे डोळे जातात. तुझं तसं होत असेल तर भीती तुझ्या उडण्याची नाही, नापास होण्याची आहे, आणि ती सराव मिळाला की विरते. पण महिनोन्महिने फक्त सुटल्यासारखंच वाटत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते घरात बोल, डॉक्टरांना दाखव. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ वर मोफत आहे. मेडिकलच्या (पायलटच्या वैद्यकीय तपासणीच्या) धास्तीने मुलं असं काही दडवतात आणि तसंच कॉकपिटमध्ये बसतात. ते मला फार धोक्याचं वाटतं.

थांबावं का? तुला हवं तसं उत्तर मी देणार नाही, कारण २७ विस्कळीत तासांवरून कोणीच ते देऊ शकत नाही. तुझ्याकडे अजून पुरावाच नाही. पुरावा मिळवायचा मार्ग सांगते. पावसानंतर, ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत, पंधरा दिवसांत दहा-बारा सॉर्टी, एकच इन्स्ट्रक्टर. त्यानंतरही वहीत तीच चूक, त्याच शब्दांत, पहिल्या दिवसाइतकीच ठळक असेल आणि दुसऱ्या एखाद्या अनुभवी इन्स्ट्रक्टरनेही स्वतंत्रपणे तेच म्हटलं, तर शांतपणे बसून विचार कर. मी आजवर काही मुलांना समोर बसवून "हे तुझ्यासाठी नाही" असं सांगितलं आहे. त्यांतल्या कोणाचीही अडचण नुसतं लँडिंग नव्हती. चूक कबूल न करणं, विमान पुढे गेल्यावर मागून विचार करणं आणि तरी बेफिकीर असणं, चेकलिस्टमध्ये थापा मारणं, ही कारणं होती. तुझ्या पत्रात तू स्वतःच्या सात चुका लिहिल्या आहेस आणि एकही दुसऱ्याच्या माथी मारलेली नाहीस. हे मी नोंदवून ठेवलंय.

आता घरचं. बाबांशी एकदा कागद घेऊन बस. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, २०० तास लागतात. त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), त्यातच क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे लांब पल्ल्याचे, २० तास आणि एक ३०० नॉटिकल मैलांचं उड्डाण, १० तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून), ५ तास रात्रीचे. पहिलं सोलो म्हणजे या २०० तासांतली दहा मिनिटं. या वेगाने २०० तासांना सहा वर्षं लागतील, हे बाबांना आकड्यांत दाखव, लपवू नकोस. तेव्हाच त्यांना कळेल की प्रश्न "मुलाला जमतंय का" हा नसून "स्कूल तास देतंय का" हा आहे, आणि पुढचा हप्ता कधी भरायचा हे ते त्यावरून ठरवू शकतील. कर्ज त्यांच्या घरावर आहे, तेव्हा हा हिशेब त्यांचाही आहे. आई रोज फोनवर "सोलो झालं का रे?" विचारत असेल, तर तिला दर रविवारी तू स्वतःहून सांग: या आठवड्यात किती सॉर्टी झाल्या, काय सुधारलं. मग ती रोज विचारणार नाही. नातेवाइकांना "पावसात उडता येत नाही, ऑक्टोबरात पुन्हा सुरू" एवढं पुरे. ते खरंही आहे.

आणि हे घरी बसलेले आठवडे. रोज संध्याकाळी वीस मिनिटं जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीसमोर ओढून बस. हातात स्टीलचं ताट योकसारखं धर. डोळे मीट आणि एक पूर्ण सर्किट तोंडाने बोलत उड: टेकऑफ रोल, ५५ नॉटला रोटेट, १००० फूट, डाउनविंडचा कॉल, पॉवर कमी, फ्लॅप, बेस, फायनल, ६५, ६५, ६५. फ्लेअरला आलास की घाई करू नकोस, ते आठ-दहा सेकंद पूर्ण जग: नजर टोकाकडे, ताट हळूहळू छातीकडे. रोज सहा लँडिंग, त्यातल्या एकात मुद्दाम उसळ आणि गो-अराउंड मार. घरचे दोन दिवस बघून हसतील, तिसऱ्या दिवशी सोडून देतील. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा राहिली असेल तर याच दिवसांत उरकून टाक. आणि एका उघडिपीच्या दिवशी नेरुळच्या बाजूला ये, खाडीपलीकडे उलव्याला नवी मुंबई विमानतळावर उतरणारी विमानं बघ. प्रत्येक विमान त्याच तीन अंशांच्या उतारावर, जवळपास त्याच वेगाने, कंटाळा येईल इतक्या सारख्या पद्धतीने येतं. जी थोडी वेगळी येतात, ती टेकण्याआधीच तुला ओळखू येऊ लागतील.

परत गेल्यावर पहिली सॉर्टी सकाळची माग आणि त्यात सोलोचा विषय काढू नकोस. इंजिन सुरू करण्याआधी हात लांब कर, बोटं मोज आणि खाच कोणती ते लिहून ठेव. लँडिंग कसं झालं ते नंतर सांग. आधी मला तो खाचेचा आकडा कळव.